एक केस, सगळे एकत्र: बालकर्करोग वॉर्डातल्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४, बुधवार

प्रकल्पाला होकार मिळाला. दर बुधवारी दुपारी, सकाळच्या ड्युटीने दुपारच्या ड्युटीला ओव्हर दिली (रुग्णांची माहिती सोपवली) की पाऊण तास, वॉर्डालगतच्या खोलीत बसायचं. निवासी डॉक्टर, स्टाफ नर्स, फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ, वैद्यकीय समाजसेविका, फिजिओथेरपिस्ट, लॅबमधलं एक जण, नोंदणीच्या खिडकीवरच्या मॅडम, आणि वॉर्डातल्या मावशी व मामा. यादीतली शेवटची दोन नावं पाहून कार्यालयातून विचारणा झाली, "यांना कशाला?" मुलाच्या खाटेपाशी दिवसभरात सर्वांत जास्त वेळ हीच माणसं असतात, असं मी लिहून दिलं. नावं राहिली.

नर्सिंग एज्युकेटर म्हणून आजवर घेतलेले माझे सगळे वर्ग फक्त नर्सेससाठी होते. डॉक्टरांचे सेमिनार वेगळे, समाजसेविकांच्या कार्यशाळा वेगळ्या. जो तो आपापल्या खोलीत चांगलं शिकतो आणि वॉर्डात आल्यावर समोरच्याला काय माहीत असेल याचा अंदाज बांधत काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आंतरव्यावसायिक शिक्षणाची चौकट मांडली. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं, असं तिचं सूत्र आहे. सोबत बसवणं खुर्च्या मांडल्या की होतं. एकमेकांकडून शिकणं कसं घडवायचं, हे मला शोधायचं आहे.

हे का करायचं, ते कागदावर असू दे. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत, असं लक्ष्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवलं. बरीचशी औषधं जुनी आहेत: व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, प्रेडनिसोलोन. ती आमच्याकडेही मिळतात. मुलं हातची जातात ती निदान उशिरा झाल्याने, जंतुसंसर्गाने, औषधांच्या विषारी परिणामांनी, कुपोषणाने आणि उपचार अर्ध्यावर सुटल्याने. यातली बहुतेक गळती एका माणसाकडून दुसऱ्याकडे काम जाताना होते, असं माझं वॉर्डातलं निरीक्षण आहे.

म्हणून व्याख्यान नाही. एक केस घ्यायची आणि तिच्यावर असा प्रश्न ठेवायचा, ज्याचं पूर्ण उत्तर खोलीतल्या कुणाही एकाकडे नाही. कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचे वरिष्ठ डॉक्टर, सर्वांत शेवटी बोलतील. ते आधी बोलले की बाकीच्यांच्या वह्या उघडतात आणि तोंडं मिटतात. मूल ओळखू येईल असं काहीही केसमध्ये ठेवायचं नाही.

१९ जून, बुधवार

पहिली केस मुद्दाम रोजची घेतली. सहा वर्षांचा मुलगा, एएलएल म्हणजे रक्ताचा कर्करोग, मेंटेनन्सचा टप्पा, म्हणजे आटोक्यात आलेला आजार उलटू नये म्हणूनचे लांबलचक उपचार. एएलएलचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात आणि त्यातला मोठा काळ मूल घरी असतं, तोंडाने गोळ्या घेत. सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज गेलं तर तोंड सोलवटतं, काउंट (रक्तपेशींची संख्या) कोसळतात, जिवावर बेततं. मी विचारलं: ही गोष्ट आईला कोण सांगतं, आणि तिला ती समजली की नाही हे कोण बघतं?

निवासी डॉक्टर म्हणाले, मी फाइलवर लिहितो, फार्मसीत सांगतात. फार्मासिस्ट म्हणाले, खिडकीसमोर रांग असते, मी पाकिटावर लिहितो, समजावून सिस्टर सांगतात. डे-केअरच्या सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडून मूल निघतं तेव्हा गोळ्या हातात आलेल्याच नसतात. औषधाचं काम आपलं नव्हे, असं समाजसेविका धरून चालली होती. कुणीही कामचुकारपणा केलेला नव्हता. दुसरा सांगतच असणार, असा प्रत्येकाचा मनापासून विश्वास होता.

मग दोन्ही स्ट्रिप टेबलावर ठेवल्या. गोळ्या दोन्ही फिकट पिवळ्या. फार्मासिस्टनी एकेक बाहेर काढून तळहातावर घेतली आणि मावशींना विचारलं, यातली आठवड्याची कोणती? मावशी म्हणाल्या, "छोटी. पण सर, आया घरी स्ट्रिप कापून डब्यात भरतात. कापलेल्या तुकड्यावर नाव कुठलं राहायला?" हे कुणालाच माहीत नव्हतं. मावशींना माहीत होतं, कारण दाखल होणाऱ्या मुलांच्या सामानातले डबे त्यांच्यासमोर उघडतात. त्यात सिक्स-एमपीचा डोस मुलाच्या शरीराच्या क्षेत्रफळावरून निघतो, म्हणून बऱ्याच मुलांना आज एक, उद्या अर्धी असं लिहून दिलेलं असतं. अर्धी सिक्स-एमपी आणि अख्खी मेथोट्रेक्सेट एकाच डब्यात पडल्या की 'छोटी-मोठी' ही खूणही गेली.

खोलीतच ठरलं ते असं. मेथोट्रेक्सेट वेगळ्या लाल पट्टीच्या पाकिटात द्यायचं. पाकिटावर सात चौकोन काढायचे आणि एकच रंगवायचा. आमच्याकडे बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या आया असतात, मराठवाड्यातल्या न शिकलेल्या आज्या असतात; चौकोनाला भाषा लागत नाही. शक्य तिथे सगळ्या मुलांचा वार एकच ठेवायचा, गुरुवार. मूल निघताना सिस्टर "समजलं ना?" असं विचारणार नाहीत, कारण त्याला सगळ्या आया "हो" म्हणतात. पाकिटं आईच्या हातात देऊन म्हणायचं, "ताई, उद्या सकाळी यातली कोणती देणार, काढून दाखवा."

२६ जून, बुधवार

डॉक्टर उशिरा आले, ओपीडी लांबली होती. त्यांची वाट पाहिली नाही. खुर्च्या गोलात मांडल्या, त्याने फरक पडला. मागच्या वेळी मावशी आणि मामा दाराशी उभेच होते.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. मध्य रेल्वे ठप्प, भांडुप-नाहूरला रुळांवर पाणी. सकाळच्या ड्युटीतल्या अर्ध्या सिस्टर वाटेत अडकल्या. रात्रीच्या सिस्टरनी न सांगता ड्युटी पुढे ओढली.

त्यातच कुर्ल्याला नात्यातल्या मामाकडे उतरलेली एक पाच वर्षांची मुलगी आली. इंडक्शनचा, म्हणजे उपचारांच्या पहिल्या टप्प्याचा, तिसरा आठवडा; काउंट तळाला. पहाटे अंग गरम लागलं म्हणून आईने पॅरासिटामॉल दिलं, ताप उतरला, बाहेर पाणी तुंबलेलं, म्हणून उजाडेपर्यंत थांबले. दाराशी आली तेव्हा अंगात ताप नव्हताच. केस पेपर, मग बसून राहणं, मग रक्त, मग रिपोर्टची वाट. रात्रपाळीच्या सिस्टर तिच्या शेजारून जाताना थांबल्या, तिचे पाय हातात धरले. बर्फासारखे गार. नखावर दाबलं तर रंग परतायला वेळ लागत होता. त्यांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला, "ताप नाही, पण ही मुलगी सेप्सिसमध्ये चालली आहे." सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं. अँटिबायोटिक आणि सलाईन तिथल्या तिथे सुरू झालं.

बुधवारची केस हीच.

१० जुलै, बुधवार

मुलगी सावरतेय, दूध मागून घेतलं.

आज खोलीत बसलो नाही. गेटपासून वॉर्डापर्यंत सगळे मिळून चालत गेलो, हातात घड्याळ घेऊन. काउंट पडलेल्या मुलाला ताप आला तर पोहोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेत गेलं पाहिजे, हे डॉक्टरांना आणि सिस्टरना पाठ आहे. तो तास कुठे जातो, हे कुणी एकत्र पाहिलं नव्हतं.

गेटवरच्या सुरक्षारक्षक दादांना आम्ही विचारलं, मास्क लावलेलं, केस गेलेलं मूल घेऊन कुणी आलं तर तुम्ही काय करता? "ओपीडीच्या लायनीत पाठवतो." त्यांना दुसरं कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. नोंदणीच्या मॅडम म्हणाल्या, जुनी फाइल सापडेपर्यंत पेपर पुढे जात नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टर काउंटच्या रिपोर्टसाठी थांबतात. लॅबच्या ताईंनी सांगितलं, नमुन्यावर 'तातडी' लिहिलं नसेल तर तो रांगेत लागतो, आणि पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या नमुन्यांनी रांग दुप्पट होते. मग औषधाचं इंडेंट (मागणीपत्र) फार्मसीत, तिथून मामा आणणार, आणि मामा तेव्हा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत असतात.

इतक्या दारांवर थोडा थोडा वेळ जातो. एकट्या डॉक्टरांना शिकवून यातलं एकही दार उघडलं नसतं. ठरलेलं लिहून ठेवते.

प्रत्येक मुलाला पिवळं तापाचं कार्ड. ते दिसलं की रक्षक दादा सरळ आत सोडतील. नोंदणी मागाहून. रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नाही. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायचा नमुना) घ्यायचं आणि पहिला डोस द्यायचा. पहिला डोस तपासणीच्या खोलीतल्याच ट्रेमध्ये. भरून ठेवण्याची जबाबदारी फार्मसीची. लेखी स्थायी आदेशावर सिस्टर तो सुरू करू शकतील, हे कन्सल्टंटनी लगेच मान्य केलं. गुदद्वारातून थर्मामीटर किंवा औषध नाही, हे नव्या डॉक्टरांसाठी पुन्हा एकदा सांगितलं.

आयांसाठी दोन वाक्यं. शंभर पॉइंट चारच्या वर गेलं की निघायचं. फोनवर विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही, त्याने ताप लपतो, आजार नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनी तिसरं वाक्य जोडलं: हातपाय गार पडले, मूल सुस्त झालं, तर ताप नसला तरी निघायचं. स्टिरॉइड चालू असताना मोठा जंतुसंसर्गही तापाशिवाय येतो. हे पुस्तकात आहे, पण तिथल्या सगळ्यांच्या मनात ते आज बसलं, कारण गार पाय धरणाऱ्या सिस्टर समोर उभ्या होत्या.

२४ जुलै, बुधवार

मागचा बुधवार आषाढी एकादशीच्या सुट्टीत गेला.

आजचा विषय मी सर्वांत जास्त काळजीने मांडला. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून देतात. ते पाठीच्या मणक्यातून, इंट्राथिकल गेलं, तर मज्जासंस्था नष्ट होत जाते आणि रुग्ण जवळजवळ नेहमीच दगावतो. जगभरात असं झालेलं आहे, चांगल्या रुग्णालयांतही झालेलं आहे. कारण साधं असतं: एकाच दिवशी एकाच मुलाला दोन्ही द्यायचं असतं, मणक्यातलं मेथोट्रेक्सेट आणि शिरेतलं व्हिन्क्रिस्टिन, आणि दोन्ही सिरिंज एका ट्रेमध्ये एका खोलीत पोहोचतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सावधगिरीचा इशारा दिला: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी कुणी मणक्याच्या सुईला जोडायला जात नाही.

पिशवीबद्दल सिस्टरची एक खरी शंका होती. व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते. सिरिंजने देताना हाताला अंदाज येतो, पिशवीने कसा येणार? यावर बराच वेळ बोलणं झालं. पिशवी चालू असेपर्यंत सिस्टरने खाटेपाशीच उभं राहायचं, पंप लावायचा नाही, आधी शिरेतून रक्त परत येतंय का पाहायचं. म्हणजे तेवढा वेळ त्या सिस्टरला दुसरं काम सांगायचं नाही. हा नियम डॉक्टरांनी ऐकणं गरजेचं होतं.

मग मामांकडे वळलो. ट्रे तेच नेतात. ट्रेमध्ये काय आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. फार्मासिस्टनी रिकाम्या पिशवीवर आणि सिरिंजवर खरी लेबलं लावून आणली होती. मामांनी लेबलं हातात घेऊन पाहिली. व्हिन्क्रिस्टिनच्या लेबलावर 'फक्त शिरेतून' असं मराठी आणि हिंदीत लिहिलेलं आहे. ठरलं असं की लंबर पंक्चरच्या (मणक्यात सुई घालण्याच्या) खोलीत ही पिशवी जाणारच नाही. मणक्यातलं इंजेक्शन झालं, मूल बाहेर आलं, की मगच ती फार्मसीतून निघेल. आणि कुणी सांगितलं तरी मामा ती खोलीच्या दारातून आत नेणार नाहीत.

"पण डॉक्टरच म्हणाले आण, तर?" मामांनी विचारलं.

तेच करून पाहिलं. निवासी डॉक्टर खोलीत, हातात हातमोजे, घाईत. "मामा, ती पिशवी इकडे द्या." मामांनी दारातच पाय रोवले आणि म्हणाले, "थांबा, डॉक्टर. ही शिरेतली आहे." पहिल्यांदा आवाज फुटेना. दुसऱ्यांदा नीट म्हणाले. मग सगळ्यांत ज्युनिअर सिस्टरनी म्हटलं, मग फिजिओथेरपिस्टनी. शेवटी कन्सल्टंट म्हणाले, "हे वाक्य मला ऐकवल्याबद्दल कुणालाही कधी बोलणी बसणार नाहीत. खोटा इशारा ठरला तरीही नाही." हे त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. कागद लंबर पंक्चरच्या खोलीच्या दारावर लावला आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

निवासी डॉक्टर संपावर आहेत. सुरक्षित जागी काम करायला मिळावं ही मागणी वॉर्डातल्या प्रत्येक बाईची आहे, रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरची आणि मावशींचीही. तातडीची सेवा चालू, कन्सल्टंट स्वतः वॉर्डात. उरलेल्यांनी जेवणाची केस घेतली.

पोटात विल्म्स ट्यूमर (मूत्रपिंडातली कर्करोगाची गाठ) असलेला तीन वर्षांचा मुलगा. आहारतज्ज्ञांनी विचारलं, वजन वयाला बरं दिसतंय, मग मी याला कुपोषित का म्हणते? कारण त्या वजनात गाठीचंही वजन आहे. दंडाचा घेर मोजला की खरं कळतं. मोजपट्टी सगळ्यांच्या हातात फिरली. लावायची कुठे, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, किती घट्ट, हे सर्वांनी करून पाहिलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, आठवड्याला मूल माझ्याकडे येतं, मी मोजू शकतो. काम त्यांच्याकडे गेलं.

मग एक प्रयोग. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: काउंट कमी असताना आईने विचारलं, "अंडं देऊ का?", तर तुम्ही काय सांगता? चिठ्ठ्या उघडल्या. नाही. हो. फक्त पांढरं. सर येऊ द्या, त्यांना विचारा. काउंट वाढल्यावर. एका चिठ्ठीवर, श्रावण संपल्यावर. ही चिठ्ठी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. लिहिणाऱ्या मावशींनी सांगितलं, सासूबाई सोबत असेल तर आई श्रावणात अंडं देतच नाही, तुम्ही काहीही सांगा.

एकाच आईला एकाच दिवशी इतकी उत्तरं मिळाली तर ती सर्वांत सोपा मार्ग धरते, पेज आणि बिस्किटं. आहारतज्ज्ञांनी उत्तर ठरवून दिलं आणि ते सगळ्यांचं झालं. पूर्ण उकडलेलं अंडं चालेल. अर्धकच्चं नाही. फळ स्वच्छ धुऊन, सोलून. ताजं, गरम, घरचं शिजवलेलं सगळं चालेल. उघड्यावरचं, चिरून ठेवलेलं, शिळं नाही. अंडं नको असेल तर मुगाचं घट्ट वरण, भाजलेल्या शेंगदाण्याचा लाडू, सातू, उकळलेल्या दुधातली खीर. धर्मशाळेत आणि फूटपाथवर राहणाऱ्या आयांकडे स्टोव्ह असतोच असं नाही, तेव्हा 'घरचं शिजवलेलं' म्हणण्याआधी समाजसेविकेला विचारायचं की यांची चूल कुठे आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

शनिवारी गणपती. गावी जाण्याची लगबग वॉर्डातही आहे. म्हणून आज समाजसेविकेने केस मांडली, उपचार सोडून जाण्याची. बरं करू शकणारा उपचार सुरूच न करणं किंवा सलग चार आठवडे चुकवणं, याला उपचार सोडणं म्हणतात. ते चार आठवडे भरल्यावर हाका मारण्यात अर्थ नाही. निघण्याआधी कळलं पाहिजे.

दोन वर्षांची मुलगी, डोळ्यातली गाठ, रेटिनोब्लास्टोमा. बुबुळात पांढरी चकाकी घरच्यांना फोटोत दिसली होती. डोळा काढला तर मुलगी वाचण्याची खूप चांगली शक्यता होती. डॉक्टरांनी वडिलांना नीट, शांतपणे समजावलं. वडिलांनी मान हलवली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी खाट रिकामी.

मी विचारलं, कुणाला आधी काही जाणवलं होतं का? सुरुवातीला सगळे नाही म्हणाले. मग नोंदणीच्या मॅडम हळूच म्हणाल्या, वडील मूळ रिपोर्ट मागायला आले होते, झेरॉक्स नको म्हणाले. सिस्टरनी सांगितलं, आई दोन दिवस बोलत नव्हती, मला वाटलं थकली असेल. मावशी म्हणाल्या, आजी मुलीला मांडीवर घेऊन म्हणत होती, पोरीच्या जातीला एक डोळा नसला तर लग्न कसं व्हायचं. समाजसेविकेला माहीत होतं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद अडकले होते आणि वडिलांनी गावी कर्ज काढलं होतं. हे सगळं एकाच दिवशी एका जागी आलं असतं, तर त्या संध्याकाळी कुणीतरी आजीशी बोललं असतं. कृत्रिम डोळा दाखवला असता. डोळा बसवलेल्या दुसऱ्या मुलीची आई भेटवली असती. शस्त्रक्रियेबद्दल एकटे वडीलच ऐकत होते. निर्णय घरात आजीचा होता.

मग करून पाहिलं. फार्मासिस्ट वडील झाले, इन्चार्ज सिस्टर आजी. निवासी डॉक्टरांनी आधी सवयीने वडिलांकडे पाहून बोलायला सुरुवात केली. आजींनी मध्येच विचारलं, "डोळा काढायचा म्हणजे तिला दुखंल का?" डॉक्टर थांबले, खुर्ची वळवली आणि आजीसमोर बसले. बाकीचं संभाषण आजीशीच झालं. पुढच्या वेळी खऱ्या आजीसमोर खुर्ची अशीच वळली पाहिजे.

वॉर्डाच्या ओव्हरमध्ये आता एक प्रश्न कायमचा: "आज कोण निघण्याच्या विचारात वाटतंय?" उत्तर कुणीही द्यावं. नाव आलं की त्याच दिवशी समाजसेविका भेटेल. त्या मुलीच्या गावच्या आशाताईंशी समाजसेविकेचं बोलणं झालं आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन, आज निम्मी माणसं जागरणाने थकलेली. केस घेतली नाही. गणपतीला गावी गेलेल्यांना सगळ्यांनी वाटून फोन केले. ज्या सिस्टरशी आईचं जुळतं तिनेच फोन करायचा, असं ठरवलं होतं. फोन उचलले गेले. डोळ्याच्या गाठीची मुलगी आजीसकट परवा परत आली.

९ ऑक्टोबर, बुधवार

अकरा वर्षांचा मुलगा, हाडाचा कर्करोग, फुप्फुसात पसरलेला. बरं करण्याचे उपाय संपलेत. दुखणं संपलेलं नाही.

मॉर्फिनपासून सुरुवात केली, कारण वॉर्डात त्याची भीती सगळ्यांना वेगवेगळी आहे. ज्युनिअर सिस्टरना श्वास थांबण्याची, आईला सवय लागण्याची, फार्मासिस्टना नोंदवहीची. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या सततच्या दुखण्यासाठी तीनऐवजी दोनच पायऱ्या सुचवल्या: सौम्य दुखण्याला साधी वेदनाशामकं, त्यावरच्या दुखण्याला थेट मॉर्फिनसारखं औषध, योग्य डोसात, ठरलेल्या वेळेला. मधली कोडीनची पायरी मुलांसाठी काढली. आपल्याकडे २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचा गुंता कमी झाला. आमच्या मुलांच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बहुधा कमी असतात, त्यामुळे आयबुप्रोफेन खालच्या पायरीवरूनही बाद, ही आठवण फार्मासिस्टनी दिली. मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. मुलाला शौचाला कधी झालं हे डॉक्टरांच्या फाइलमध्ये क्वचित असतं. मावशींना विचारलं की कळतं. आता चार्टवर तो रकाना मावशी सांगतात आणि सिस्टर भरतात.

हे होईपर्यंत अर्धा वेळ गेला होता. मग रात्रपाळीच्या मावशी म्हणाल्या, मला एक विचारायचंय. परवा पहाटे चादर बदलताना तो पोरगा म्हणाला, "मावशी, मी बरा होऊन नाही जाणार ना?" त्या म्हणाल्या, "जाशील की रे बाळा." आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. "खोटं बोलले. पण खरं बोलायचा मला काय अधिकार?"

निवासी डॉक्टर म्हणाल्या, त्याने मलाही विचारलं होतं, मी सलाईन तपासत राहिले. समाजसेविका म्हणाली, आईला त्याने काहीच विचारलेलं नाही, आई रडेल म्हणून. मुलं असं कुणाला विचारतात, यावर बोललो. जो अंग पुसतो, कपडे बदलतो, रात्री जवळ असतो, त्याला. मावशींना शिकवलेलं नाही म्हणून मूल प्रश्न विचारायचं थांबणार नाही.

एकत्र बसून काय म्हणता येईल ते शोधलं. खोटा दिलासा द्यायचा नाही आणि निघूनही जायचं नाही. जवळ बसायचं, विचारायचं, "तुला काय वाटतं रे?" तो बोलेल ते ऐकायचं. "हे डॉक्टरताईंनाही सांगूया का, की आईला बोलावू?" असं त्यालाच विचारायचं. आणि सकाळच्या ओव्हरमध्ये सांगायचं, एकटीने वाहायचं नाही. मावशींनी ही वाक्यं दोनदा म्हणून पाहिली. संध्याकाळी डॉक्टर, समाजसेविका आणि मावशी तिघी मिळून मुलाच्या आईशी बोलल्या.

ओव्हरच्या वहीत नवा रकाना: 'मूल काय म्हणालं'.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मुलगा आणि आई कालच घरी गेले, सोबत मॉर्फिनच्या गोळ्या आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा नंबर. फोन चालू आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

मला राग आला आहे आणि तो इथे लिहिते. दिवाळीनंतर मामांची आणि एका मावशींची दुसरीकडे रवानगी झाली, कंत्राट बदललं. 'थांबा, डॉक्टर' म्हणायला शिकलेला माणूस आता हाडांच्या वॉर्डात स्ट्रेचर ढकलतोय. दोन सिस्टरच्या बदल्या झाल्या. निवासी डॉक्टर तर दर काही महिन्यांनी बदलणारच. बालकर्करोगाच्या वॉर्डातली माणसं किमान दोन वर्षं हलवू नयेत, कंत्राटी कर्मचाऱ्यांसकट, असं मी आणि कन्सल्टंटनी मिळून लिहून दिलं आहे. केमोचा ट्रे नेण्याचं काम हमालीचं नाही, हे पत्रात ठळक केलं आहे.

तोवर एक उपाय: नव्या माणसाला पहिल्या दिवशी लंबर पंक्चरच्या खोलीच्या दारावरचा कागद वाचून दाखवायचा आणि ते वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. हे मी करणार नाही. आधीच्या तुकडीतली सिस्टर करेल.

४ डिसेंबर, बुधवार

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टर, डॉक्टर आणि फार्मासिस्ट आज पहिल्यांदा व्हिडिओवर सोबत बसले. मेंटेनन्सवरची काही मुलं तिकडेच राहतात. ताप आला तर रात्रभर रेल्वेने मुंबई गाठेपर्यंत तो तास कधीच संपलेला असतो. पहिला डोस तिथे द्यायचा आणि मग आमच्याशी बोलायचं, हे ठरवायला केस तापाचीच घेतली. तिथल्या सिस्टरनी विचारलं, "पोर्ट असलेल्या मुलाला आम्ही पोर्टमध्ये सुई घालायची का?" पोर्ट म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली, मोठ्या शिरेला जोडलेली डबी. आमच्या बाजूला दोन मतं निघाली. कन्सल्टंटनी निकाल दिला: सवय नसेल तर हातावरची शीर धरा, औषध थांबवू नका. तिकडच्या फार्मासिस्टनी सांगितलं की आम्ही कार्डावर लिहिलेलं अँटिबायोटिक त्यांच्याकडे महिनाभर नाही. त्यांच्याकडे जे नक्की असतं, त्यातलं कोणतं चालेल, हे कार्डावर दुसऱ्या ओळीत हवं.

कार्डाची नवी छपाई सोमवारी जाते. त्याआधी: दुसरी ओळ कन्सल्टंट आणि दोन्हीकडचे फार्मासिस्ट मिळून ठरवतील. बंगाली मजकूर वॉर्डातल्याच एका आईने वाचून तपासला, तिने दोन शब्द बदलून दिले. जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या गेटवरच्या रक्षकांना पिवळं कार्ड दाखवण्याची जबाबदारी तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी घेतली. पुढच्या बुधवारची केस मेथोट्रेक्सेटच्या लाल पाकिटांची, कारण त्यांच्याकडे पाकिटं वेगळी आहेत.